परिचारिकेचें उच्च शिक्षण

मागील वर्षीं वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस आम्हीं एक लहानसा निबंध लिहावयास दिला होता. विषय जुनाच होता : ‘मी पुढें कोण होणार ?’ बहुतेक कागदांवर डॉक्टर, इंजिनिअर, वकील, संगणकतज्ज्ञ हींच नांवें होतीं. एका मुलीनें मात्र ‘मी परिचारिका होणार’ असें लिहिलें होतें, आणि त्याचीं कारणेंही नीट क्रमवार दिलीं होतीं. तिची आजी तीन आठवडे इस्पितळांत होती. त्या तीन आठवड्यांत रात्रीं दोन वाजतां येऊन आजीची नाडी कोण पाहात असे, तें तिनें डोळ्यांनीं पाहिलें होतें. मुलगी वर्गांत पहिल्या पांचांत येणारी. पुढें पालकसभेच्या दिवशीं तिचे वडील आम्हांस भेटले. ते रागावले नव्हते. खिन्न झाले होते. “सर, एवढे गुण मिळवून शेवटीं नर्सच व्हायचें, तर मग एवढा अभ्यास कशाला ?” असा त्यांचा प्रश्न होता.

त्या वेळीं आम्हीं जें उत्तर दिलें तें आमचें आम्हांसच अपुरें वाटलें. सेवेचें महत्त्व आम्हीं सांगितलें. परंतु त्या गृहस्थांनीं सेवेचें महत्त्व नाकारलेंच नव्हतें. त्यांचा प्रश्न अभ्यासाविषयींचा होता. म्हणून त्या दिवसापासून आम्हीं ह्या विषयाची जी माहिती मिळविली तिचा सारांश येथें विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें ठेवीत आहों.

त्या प्रश्नाच्या मुळाशीं एक समजूत आहे. परिचारिकेचें शिक्षण तीन-चार वर्षांत संपतें, पुढें तिनें जन्मभर दुसऱ्यांच्या सूचना अमलांत आणावयाच्या, आणि हुशार मुलीच्या बुद्धीस तेथें वाव नाहीं, अशी ती समजूत होय. एके काळीं ती बऱ्याच अंशीं खरी होती. आज ती खरी राहिलेली नाहीं. परिचर्येंत पदवीनंतरचें शिक्षण आहे, त्याहीपुढें डॉक्टरेटपर्यंतचें शिक्षण आहे. आणि त्यांतील एक शाखा अशी आहे कीं, ती परिचारिकेस रुग्णाच्या खाटेपासून दूर न नेतां त्याच खाटेजवळ अधिक मोठी जबाबदारी देते. ह्या शाखेस ‘प्रगत परिचर्या’ असें नांव आहे. आमच्या लेखाचा विषय मुख्यतः हाच आहे.

प्रथम परिचारिकेचें नेहमींचें काम पाहूं. डॉक्टर दिवसांतून एकदोन वेळां फेरीस येतात व प्रत्येक खाटेपाशीं कांहीं मिनिटें थांबतात. बाकीचे सर्व तास रुग्ण परिचारिकेच्या नजरेखालीं असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्रीं एखाद्या रुग्णाच्या शरीरांत जंतुसंसर्ग पसरूं लागला आहे, असें समजा. रक्तदाब मोजला तर तो जवळजवळ ठीकच असतो. परंतु मिनिटाला सोळा वेळां चालणारा श्वास आतां चोवीस वेळां चालत असतो, नाडी जलद झालेली असते, लघवी कमी झालेली असते, आणि काल नीट बोलणारा मनुष्य उगाच बेचैन होऊन चादर ओढीत असतो. ह्याचें कारण असें कीं, शरीरास प्राणवायु पुरेसा मिळेनासा झाला म्हणजे रक्तांत आम्लद्रव्यें सांचूं लागतात; त्यांचा जोर कमी करण्यासाठीं फुप्फुसें जलद चालून कार्बनवायु बाहेर टाकूं लागतात. त्याच वेळीं शरीर हृदयाची गति वाढवून व रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब कसाबसा टिकवून धरितें. हा टिकाव संपला म्हणजे रक्तदाब एकाएकीं कोसळतो. आणि मग पुष्कळदां वेळ निघून गेलेली असते. म्हणजे रक्तदाबाचा आंकडा ‘सर्व ठीक’ असें सांगत असतांनाच श्वासाची गति ‘ठीक नाहीं’ असें सांगत असते. मध्यरात्रीं तें ओळखणारें माणूस परिचारिका होय.

हें ओळखण्यास शिक्षणाचा किती उपयोग होतो, ह्याची मोजदादही झालेली आहे. अमेरिकेंतील संशोधिका लिंडा एकिन व त्यांचे सहकारी ह्यांनीं पेनसिल्व्हेनिया राज्यांतील १६८ इस्पितळांतील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास करून २००३ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या इस्पितळांत पदवीधर परिचारिकांचें प्रमाण शेंकडा १० नें अधिक होतें, तेथें रुग्ण दगावण्याचा संभव सुमारें शेंकडा ५ नें कमी आढळला. पुढें युरोपांतील नऊ देशांतील इस्पितळांचा असाच अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतही तोच कल दिसला. शिवाय एका परिचारिकेकडे जितके अधिक रुग्ण, तितका धोका अधिक, हेंही त्या अभ्यासांत दिसून आलें. अशा पाहणीनें कार्यकारणभाव पूर्णपणें सिद्ध होत नाहीं, हें आम्ही जाणतों. तथापि ‘नर्सला एवढा अभ्यास कशाला ?’ ह्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें मिळतें. तो अभ्यास रुग्णाच्या जीवाच्या कामीं येतो.

उरलेलें अर्धें उत्तर थोडें निराळें आहे. धोका ओळखणें ही एक गोष्ट, आणि ओळखून कांहीं करतां येणें ही दुसरी. वरील परिचारिकेनें श्वास मोजला, धोका जाणला. परंतु पुढची तपासणी सांगण्याचा किंवा उपचार सुरू करण्याचा अधिकार तिला नसेल, तर तिनें फोन करून वाट पाहावयाची. प्रगत परिचर्येचा सारा इतिहास हा ह्या दोन गोष्टींमधील अंतर कमी करण्याचा इतिहास आहे.

लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांच्या नांवानें परिचारिकांची शाळा १८६० सालीं निघाली. परिचर्या हा शिकून करावयाचा व्यवसाय आहे, ही कल्पना तेथून जगभर पसरली. विश्वविद्यालयाचें दार उघडावयास मात्र आणखी चाळीस वर्षें लागलीं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजांत १८९९ सालीं शिकून तयार झालेल्या परिचारिकांसाठीं पुढचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि त्याच कॉलेजांत १९०७ सालीं मेरी अ‍ॅडिलेड नटिंग ह्या परिचर्या विषयाच्या जगांतील पहिल्या प्राध्यापिका झाल्या. ही मोठीच प्रगति होती. परंतु तींत एक उणीव राहिली. हें उच्च शिक्षण मुख्यतः शाळा चालविणाऱ्या शिक्षिका व इस्पितळ चालविणाऱ्या अधीक्षिका तयार करण्यासाठीं होतें. म्हणजे जी परिचारिका अधिक हुशार ती अधिक शिके, आणि जी अधिक शिके ती खाटेपासून उठून कचेरींत जाऊन बसे. रुग्णाच्या वांट्यास तिचें अधिक ज्ञान येईना.

ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग डोंगराळ मुलखांत सांपडला. अमेरिकेंतील केंटकी राज्याच्या पूर्व भागांत त्या काळीं रस्ते नव्हते व डॉक्टर क्वचितच मिळत. मेरी ब्रेकिनरिज ह्या परिचारिकेनें आपलीं दोन्ही मुलें लहानपणींच गमावलीं होतीं. त्यांनीं आपलें उर्वरित आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांसाठीं द्यावयाचें ठरविलें, इंग्लंडांत जाऊन सूतिकाशास्त्राचें शिक्षण घेतलें, आणि १९२५ सालीं केंटकींत काम सुरू केलें. पुढें हीच संस्था ‘फ्रॉन्टियर नर्सिंग सर्व्हिस’ ह्या नांवानें प्रसिद्धीस आली. तिच्या परिचारिका घोड्यावर बसून ओढे-नाले ओलांडीत घरोघर जात, बाळंतपणें करीत, लहान मुलांस लसी टोंचीत, आणि कोणती अडचण आपल्या हाताबाहेरची आहे तें वेळीच ओळखून डॉक्टरांस बोलावीत. केलेल्या प्रत्येक बाळंतपणाची त्या नोंद ठेवीत. आणि बाहेरच्या एका विमा कंपनीनें त्या नोंदी तपासल्या तेव्हां त्या गरीब मुलखांतील बाळंतिणींचें मृत्यूचें प्रमाण देशाच्या सरासरीहून कमी भरलें. ह्यांतील बऱ्याच परिचारिका इंग्लंडाहून आलेल्या होत्या. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच त्यांपैकीं कित्येक मायदेशीं परतल्या. तेव्हां ब्रेकिनरिज बाईंनीं काम बंद न करतां त्याच वर्षीं परिचारिकांसाठीं सूतिकाशास्त्राची पदव्युत्तर शाळा तेथल्या तेथें काढली. गरज पडली म्हणून निघालेली ती शाळा आज विद्यापीठ झाली आहे.

दुसरा मार्ग मनोरुग्णांच्या सेवेंतून निघाला. मनोरुग्णाशीं होणारें परिचारिकेचें बोलणें हाच उपचाराचा भाग आहे, असें मत हिल्डेगार्ड पेप्लाऊ ह्यांनीं आपल्या १९५२ सालच्या ग्रंथांत मांडलें. आणि १९५४ सालीं न्यू जर्सींतील रटगर्स विद्यापीठांत त्यांनीं एका विशिष्ट क्षेत्रांत प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्या तज्ज्ञ परिचारिकांसाठीं एम्. ए. च्या दर्जाचा अभ्यासक्रम सुरू केला. शिक्षिका किंवा अधीक्षिका न होतां, रुग्णाजवळ राहूनच उच्च पदवी मिळविण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होता.

तिसरा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा. कोलोरॅडो राज्याच्या खेड्यांत सार्वजनिक आरोग्याचें काम करतांना लॉरेटा फोर्ड ह्यांस दिसून आलें कीं, तेथील पुष्कळ मुलांस डॉक्टर भेटतच नाहीं; त्यांस भेटते ती परिचारिका, आणि तिला पुढें कांहीं करण्याची मोकळीक नसते. कोलोरॅडो विद्यापीठांतील बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर ह्यांच्या सहकार्यानें त्यांनीं १९६५ सालीं ‘नर्स प्रॅक्टिशनर’ तयार करण्याचा पहिला अभ्यासक्रम काढला. मुलाची पूर्ण तपासणी करणें, त्याची वाढ नीट होत आहे कीं नाहीं तें ठरविणें, नेहमींच्या आजारांवर उपचार करणें आणि अवघड रुग्ण डॉक्टरांकडे पाठविणें, ह्या गोष्टी त्यांत शिकवीत. ह्या प्रयत्नास दोन्ही बाजूंनीं विरोध झाला. कांहीं डॉक्टरांस वाटलें कीं ही आपल्या क्षेत्रांतील घुसखोरी आहे. आणि कांहीं परिचारिकांस वाटलें कीं ही परिचर्या सोडून डॉक्टरांची नक्कल करीत आहे. फोर्ड बाईंनीं दोन्ही आक्षेप सोसले व काम चालू ठेविलें. २०२५ च्या जानेवारींत, वयाच्या १०४ व्या वर्षीं त्यांचें निधन झालें, तेव्हां अमेरिकेंत अशा नर्स प्रॅक्टिशनरांची संख्या तीन लाखांच्या पलीकडे गेलेली होती.

येथें पालक विचारतील कीं, हें सुरक्षित आहे काय ? प्रश्न रास्त आहे, आणि तो प्रयोगानें तपासला गेला आहे. कॅनडांतील ऑन्टारियो प्रांतांत बर्लिंग्टन येथें १९७१-७२ सालीं एका दवाखान्यांतील सुमारें सोळाशें कुटुंबांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी वांटणी करण्यांत आली; कांहीं कुटुंबें पूर्वींप्रमाणें डॉक्टरांकडे राहिलीं व कांहीं नर्स प्रॅक्टिशनरकडे सोंपविण्यांत आलीं. वर्षाअखेर दोन्ही गटांतील लोकांची प्रकृति, कामकाज करण्याची शक्ति व मृत्यूचें प्रमाण हीं सारखींच आढळलीं. परिचारिकेकडे आलेल्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश भेटींत तिला डॉक्टरांची मदत घ्यावी लागली नाहीं. आणि उरलेल्या भेटींत ती घेतली गेली, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. न्यूयॉर्क येथें १३१६ रुग्णांवर केलेल्या अशाच एका प्रयोगाचा निष्कर्ष २००० सालीं प्रसिद्ध झाला. तोही ह्याच प्रकारचा होता. तरी वाद अजून मिटलेला नाहीं. अमेरिकेंतील अर्ध्याहून अधिक राज्यांत अशी परिचारिका स्वतःच्या जबाबदारीवर रुग्ण तपासूं व औषध लिहून देऊं शकते. उरलेल्या राज्यांत तिला डॉक्टरांशीं लेखी करार करावा लागतो किंवा त्यांच्या देखरेखीखालीं काम करावें लागतें.

आतां ह्या शिक्षणांत शिकवितात तरी काय ? अमेरिकेंत प्रगत परिचर्येच्या चार वाटा मानल्या आहेत : नर्स प्रॅक्टिशनर, सूतिका-परिचारिका, भूल देणारी परिचारिका आणि एखाद्या विशिष्ट क्षेत्रांतील तज्ज्ञ परिचारिका. पदवी, नोंदणी व कांहीं अनुभव झाल्यावर विद्यार्थिनी ह्यांपैकीं एक वाट निवडते. एम्. एस्सी. च्या दर्जाच्या अभ्यासास साधारणपणें दोन-तीन वर्षें लागतात. आणि २००१ सालीं केंटकी विद्यापीठांत सुरू झालेल्या पद्धतीप्रमाणें त्यापुढें ‘परिचर्या-व्यवसायाची डॉक्टरेट’ घेतां येते. चारही वाटांस तीन विषय समान आहेत : शरीराची सूक्ष्म तपासणी, विकृतिशास्त्र म्हणजे रोगांत शरीराचें कार्य कसें बिघडतें त्याचें शास्त्र, आणि औषधिशास्त्र.

हे तीन विषय एकमेकांत कसे गुंतलेले आहेत, तें एका उदाहरणानें सांगतों. एक सत्तरीची बाई आहे. तिला पुष्कळ वर्षें मधुमेह आहे, त्यासाठीं ती मेटफॉर्मिन घेते. रक्तदाबासाठीं एनालाप्रिल घेते. गुडघे दुखतात म्हणून गेले पंधरा दिवस तिनें दुकानांतून आणलेली वेदनाशामक गोळी सुरू केली आहे. आतां पाय सुजले आहेत व अन्नावर वासना नाहीं. परिचारिका प्रथम तपासणी करते : नडगीवर अंगठा दाबून खळगा पडतो काय, मानेच्या शिरा फुगल्या आहेत काय, फुप्फुसाच्या तळाशीं ओलसर आवाज येतो काय. मग विकृतिशास्त्र उपयोगी पडतें. मूत्रपिंडांतील प्रत्येक गाळणीस रक्त आंत आणणारी एक बारीक नळी असते व बाहेर नेणारी दुसरी. गाळण होण्यास मध्यें दाब लागतो. मूत्रपिंडें थकलेलीं असतांना आंतली नळी उघडी ठेवण्याचें काम शरीर कांहीं विशिष्ट द्रव्यांनीं करितें. वेदनाशामक गोळी तीं द्रव्येंच कमी करिते, आणि आंतली नळी अरुंद होते. एनालाप्रिल बाहेरची नळी सैल करितें. एकीकडून येणें कमी आणि दुसरीकडून जाणें सोपें झालें म्हणजे मधला दाब उतरतो व गाळण मंदावते. मग पाणी व क्षार अंगांत सांचतात, आणि मूत्रावाटें बाहेर जाणारें मेटफॉर्मिनही सांचूं लागण्याची भीति असते. तिन्ही औषधें आपापल्या जागीं चांगलीं. परंतु ह्या बाईच्या शरीरांत तीं एकत्र आलीं आणि घात झाला. येथें कोणती गोळी आधीं थांबवावी, रक्ताची कोणती तपासणी आजच व्हावी, आणि केव्हां हें प्रकरण डॉक्टरांकडे तांतडीनें पाठवावें, हें ठरविणें म्हणजे प्रगत परिचर्येचा अभ्यास. आणि त्यानंतरचें काम परिचारिकेचें नेहमींचेंच आहे : त्या बाईजवळ बसून, तिला समजेल अशा शब्दांत, गुडघे दुखले तरी ती गोळी पुन्हां कां घ्यावयाची नाहीं व दुखण्यावर दुसरें काय करावयाचें, तें सांगणें.

हें सर्व पुस्तकांतून येत नाहीं. म्हणून अमेरिकेंत नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणांत अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालीं प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ७५० तास असावेत, असें २०२२ सालच्या मानदंडांत सांगितलें आहे. डॉक्टरेटसाठीं पदवीनंतरचे एकूण १००० तास लागतात. शिवाय संशोधनाचे निबंध वाचून त्यांतील खरें-खोटें पारखणें हाही अभ्यासाचा आवश्यक भाग आहे. कारण जी निर्णय घेणार तिला त्या निर्णयाचा आधार सांगतां आला पाहिजे.

आपल्या देशाकडे वळूं. महाराष्ट्रांत ह्या व्यवसायाची परंपरा जुनी आहे. मिरजेच्या मिशन इस्पितळांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच परिचारिकांस शिक्षण मिळूं लागलें होतें. आणि रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ सालीं निघालेल्या पुण्याच्या सेवासदनानें स्त्रियांस ससून रुग्णालयांत परिचर्या शिकावयास पाठविलें. घरंदाज स्त्रीनें परक्या रुग्णाची शुश्रूषा करावी ही गोष्टच ज्या काळीं लोकांस सहन होत नव्हती, त्या काळीं त्या स्त्रियांनीं हें केलें. तरी संख्या फारच अपुरी होती. १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालांत, देशांत सुमारें ४३,००० लोकांमागें एकच शिक्षित परिचारिका आहे, असें नमूद केलें होतें. त्याच वर्षीं दिल्ली व वेल्लोर येथें परिचर्येचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. दिल्लीचें तें कॉलेज आज राजकुमारी अमृत कौर ह्यांच्या नांवानें ओळखलें जातें. तेथें १९५९ सालीं देशांतील पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. मुंबईंत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचें परिचर्या महाविद्यालय १९६४ पासून चालू आहे. आणि १९९८ सालीं नाशिक येथें आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यापासून राज्यांतील पुष्कळ परिचर्या महाविद्यालयें त्याला जोडलेलीं आहेत.

ह्या शिक्षणाच्या पायऱ्या अशा आहेत. बारावीनंतर तीन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची बी. एस्सी. नर्सिंग ही पदवी. पदविका घेतलेल्यांसही पुढें दोन वर्षांच्या अभ्यासानें पदवी मिळवितां येते. म्हणजे ज्या घरची ऐपत आज चार वर्षांची नाहीं, त्या घरच्या मुलीची वाट कायमची बंद होत नाहीं. पदवीनंतर निदान एक वर्षाचा अनुभव घेऊन दोन वर्षांची एम्. एस्सी. करितां येते. तिच्या पांच शाखा आहेत : वैद्यकीय-शस्त्रक्रियात्मक परिचर्या, बालआरोग्य, मानसिक आरोग्य, प्रसूति व स्त्रीरोग, आणि सामुदायिक आरोग्य. त्यापुढें पीएच्. डी. आहे. ह्यांखेरीज भारतीय परिचर्या परिषदेनें अतिदक्षता विभागासाठीं ‘नर्स प्रॅक्टिशनर’ चा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तयार केला असून तो २०१७ च्या सुमारास सुरू झाला. त्यांतील बहुतेक काळ विद्यार्थिनी व्याख्यानाच्या खोलींत नसून प्रत्यक्ष अतिदक्षता विभागांतच असते. बाळंतपणाच्या कामासाठींही २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशाच प्रकारची दीड वर्षाची योजना आंखली.

येथें आम्हीं एक गोष्ट लपवून ठेवूं नये. आपल्याकडे शिक्षण पुढें गेलें आहे, अधिकार मागें राहिला आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणांत नर्स प्रॅक्टिशनरांचा वर्ग निर्माण करावा असें म्हटलें आहे, आणि १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागीं राष्ट्रीय परिचर्या व सूतिका आयोगाचा कायदा २०२३ सालीं संमत झाला. तरी अमेरिकेंतील कित्येक राज्यांत आहे तसा स्वतंत्र निर्णयाचा अधिकार आपल्या प्रगत परिचारिकेस नाहीं. ती संस्थेनें लेखी ठरवून दिलेल्या नियमांच्या चौकटींत व डॉक्टरांच्या सहकार्यानें काम करिते. एम्. एस्सी. झालेल्या पुष्कळ जणी आजही शिक्षिकाच होतात. कारण पदवीला साजेसें स्थान व वेतन त्यांस रुग्णाच्या खाटेजवळ मिळत नाहीं. म्हणजे न्यूयॉर्कच्या कॉलेजांत १८९९ नंतर जी अडचण उत्पन्न झाली होती, ती आपल्यापुढें अद्याप उभी आहे. ही अडचण कायद्यानें सुटेल, तशीच ती लोकांच्या मतानेंही सुटेल. परिचारिकेकडे आपण ‘औषध देणारी बाई’ म्हणून पाहूं लागलों तर तिला तेवढाच अधिकार मिळेल.

पालकांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी कीं, कॉलेज निवडतांना इमारत व जाहिरात पाहूं नये. त्यास परिषदेची व विद्यापीठाची मान्यता आहे काय, त्याचें स्वतःचें किंवा जोडलेलें इस्पितळ किती खाटांचें आहे, आणि त्या खाटांवर खरोखर रुग्ण असतात काय, हें स्वतः जाऊन पाहावें. रिकाम्या इस्पितळांत परिचर्या शिकतां येत नाहीं. दुसरी अशी कीं, पदवी मिळतांच पुढच्या पदवीची घाई करूं नये. ज्या परिचारिकेनें रात्रपाळ्या केल्या नाहींत, जिच्या हातांत रुग्ण बरा झाला नाहीं व दगावलाही नाहीं, तिला वरच्या अभ्यासांतील प्रश्नच कळणार नाहींत, मग उत्तरें कोठून कळणार ?

विद्यार्थ्यांस सांगावयाचें तें थोडें आहे. जीवशास्त्र तर हवेंच. परंतु रसायनशास्त्रही मन लावून शिका, कारण औषध म्हणजे रसायनच होय. आणि गणित सोडूं नका, कारण मात्रेंतील दशांशचिन्ह एक घर सरकलें तर औषधाचें विष होतें. मराठी नीट बोलावयास व लक्षपूर्वक ऐकावयास शिका. रुग्ण आपलें दुखणें इंग्रजींत सांगणार नाहीं. आणि मुलांनों, हें सर्व केवळ मुलींसाठीं लिहिलें आहे असें समजूं नका. ह्या व्यवसायाचीं दारें तुम्हांसही उघडीं आहेत, आणि पुष्कळ तरुण त्यांतून आंत गेलेले आहेत.

प्रारंभीं उल्लेखिलेल्या गृहस्थांच्या प्रश्नास आतां आम्ही उत्तर देऊं शकूं असें वाटतें. ‘एवढे गुण मिळवून नर्सच व्हायचें काय ?’ होय, कारण तेथें ते गुण वांयां जात नाहींत, उलट तेथेंच ते रोज कसाला लागतात. त्यांच्या कन्येनें आजीच्या खाटेजवळ जी बाई पाहिली, ती रात्रीं दोन वाजतां केवळ नाडी मोजीत नव्हती. सकाळपर्यंत वाट पाहावी कीं आतांच कोणास उठवावें, ह्याचा ती विचार करीत होती. तो विचार अचूक व्हावा आणि त्याला कांहीं अधिकार असावा, एवढ्यासाठीं हें सारें उच्च शिक्षण आहे.

ती मुलगी सध्यां बारावीच्या वर्गांत आहे. तिच्या वडिलांनीं गेल्या महिन्यांत आमच्याकडून कांहीं कॉलेजांचीं माहितीपत्रकें मागून नेलीं. त्यांनीं अजून कांहीं ठरविलेलें नाहीं. परंतु ह्या वेळीं त्यांनीं विचारलेला प्रश्न निराळा होता : “त्या कॉलेजाच्या इस्पितळांत रुग्ण किती असतात ?”